चव्वेचाळीस, एकोणीस, सोळा

टपालखात्यात लागले तेव्हापासून हे तीन शब्द माझ्या तोंडात आहेत. खिडकीपलीकडून कोणी विचारतं, "बाई, आपला पिन काय?" आणि मी हातातलं काम न थांबवता सांगते, "चव्वेचाळीस, एकोणीस, सोळा." म्हातारी माणसं दोनदा म्हणवून घेतात. पोरं मोबाइलवर टाइप करतच पायऱ्या उतरतात. ४४१९१६ हा सालेकसाचा पिन. गोंदियाहून हावड्याच्या मार्गाने निघालं की आमगाव, धानोली आणि मग आमचं स्टेशन. त्यापुढे दरेकसा, आणि दरेकसाच्या डोंगरापलीकडे छत्तीसगड.

हा आकडा मी किती वेळा लिहिला असेन याचा हिशेब नाही. पण संख्या म्हणून तो पहिल्यांदा वाचला माझ्या भाचीने. ती माझ्या भावाची मुलगी. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून आठवीपासून ती माझ्याकडे राहते. दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रोवणीचे दिवस, संध्याकाळपासून वीज गेलेली. मेणबत्तीशी बसून ती एका जुन्या पाकिटावरचा पत्ता मोठ्याने वाचत होती. पिनपाशी आली आणि म्हणाली, "चार लाख एक्केचाळीस हजार नऊशे सोळा." मग माझ्याकडे वळून, "आत्या, याले कशाकशानं भाग जाते?"

मला सांगता आलं नाही. त्या प्रश्नामागे आम्ही दोघी पुढे बरेच दिवस होतो. वही, पेन आणि पाढे एवढ्यावरच. मोबाइल बाजूला ठेवायचा हे तिनेच ठरवलं होतं. त्या दिवसांत जे शिकले ते इथे लिहिते.

१. एकाच आकड्याचे दोन अर्थ असतील तर ते वेगवेगळे धरा.

पिन म्हणून ४४१९१६ चा एकेक अंक बोलतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, नाना भाषांतले आणि नाना अक्षरांतले पत्ते यांत पत्र हरवू नये म्हणून त्यांनी सहा अंक पुरेसे केले. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पहिले दोन, ४४, म्हणजे विदर्भ. तिसऱ्या अंकाने टपालाची छाननी कुठल्या जिल्ह्यात होणार ते ठरतं आणि शेवटच्या तिघांनी कचेरी. वेलणकरांचं नाव आमच्या खात्याबाहेर फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संख्या म्हणून हाच आकडा वेगळं बोलतो, आणि ते बोलणं सालेकसाबद्दल नसतं. हे पहिल्याच रात्री भाचीला सांगितलं. आकड्याला कशाने भाग जातो यावरून गावाचं काही कळत नाही, शुभ-अशुभ तर नाहीच. आपल्या दारावर लिहिलेला म्हणून तो आपण निवडला, एवढंच नातं.

२. जे सहज हाताला लागतं ते आधी काढून घ्या.

शेवटचे दोन अंक १६. त्यांना ४ ने भाग जातो, म्हणून सगळ्या संख्येला जातो. ४४१९१६ = ४ × ११०४७९. आता सहा अंकांचीच पण विषम संख्या हातात राहिली. अंकांची बेरीज २२, म्हणून ३ नाही. शेवटी ९, म्हणून ५ नाही. इथवर पाच मिनिटं लागली. भाची म्हणाली, "हे तं सोपंच होतं." सोपं तेवढं संपलं होतं.

३. एका भागाकारात तीन भागाकार उरकता येतात का ते पाहा.

७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१. त्यामुळे मोठ्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. ११०४७९ चे गट ११० आणि ४७९. वजाबाकी ३६९. आता मोठ्या संख्येऐवजी ३६९ ला भागायचं: ७ ने बाकी ५, ११ ने बाकी ६, १३ ने बाकी ५. तिघेही बाद. ११०४७९ म्हणजे ११० वेळा १००१ आणि वर ३६९. ते ११० वेळा १००१ या तिघांनाही निःशेष जातात, उरतो ३६९. कारण एवढंच आहे, पण मी चाळिशी ओलांडल्यावर ते मला पहिल्यांदा दिसलं.

तसंच ९९९ मध्ये ३७ बसतो. तिथे गटांची बेरीज करायची. ११० + ४७९ = ५८९, ३७ ने भागून बाकी ३४. तोही बाद. भाचीने वहीच्या कडेला "१००१" आणि "९९९" लिहून त्याभोवती चौकट काढली. ती चौकट अजून आहे.

४. ताळा पाहिल्याशिवाय कोणाला बोलावू नका.

त्यानंतर आम्ही मूळ संख्या ओळीने घेत गेलो. १७, बाकी १३. १९, बाकी १३. २३, बाकी १०. रोज जेवणं झाली की तीन-चार भागाकार. चौथ्या रात्री मी ७१ घेतला. ११० मधून ७१ गेले, ३९. वरचा ४ घेऊन ३९४, त्यातून पाच एकाहत्तर ३५५, उरले ३९. मग ३९७, पुन्हा ३५५, उरले ४२. शेवटचा ९ घेऊन ४२९. सहा एकाहत्तर ४२६. मी ते घाईत लिहिलं, आणि वजाबाकी करताना माझ्याच हातच्या ६ ला ९ वाचलं. ४२९ वजा ४२९, शून्य!

मी भाचीला हाक मारली. ती भांडी टाकून आली. शेजारच्या काकूही आल्या. १५५६ वेळा ७१, मिळाला अवयव. भाचीने वही घेतली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, एकाहत्तरचा एक आन् पंधराशे छप्पनचा सहा. गुणाकाराच्या शेवटी सहा यीन ना. आपल्या नंबरात तं नऊ आहे."

नागरी लिपीतले ६ आणि ९ एकमेकांच्या आरशातले. खिडकीवर मी रोज दुसऱ्यांच्या मनीऑर्डरवरचे तेच दोन अंक डोळ्यात तेल घालून पाहते, आणि स्वतःच्या वहीत फसले. खरी बाकी ३ होती. सबंध शोधात इतकी लहान बाकी दुसऱ्या कुठल्याच भागाकारात आली नाही. आमचे जुने मास्तर प्रत्येक हिशेबाच्या खाली "ताळा" असा शब्द लिहायला लावत, तो कंटाळवाणा वाटायचा. आता आमच्या वहीत प्रत्येक भागाकाराखाली तो असतो. शेवटचा अंक जुळतो का हे पाहायला दोन सेकंद लागतात.

५. उत्तर बरोबर निघालं म्हणजे काम पुरं झालं असं नाही.

हा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

९७ पर्यंत पोचलो. बाकी ९३. शंभरच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्या संपल्या, एकीनेही भाग गेला नाही. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: "११०४७९ ही मूळ संख्या आहे." खाली रेघ मारली. मला खरंच वाटलं होतं की झालं.

दुसऱ्या दिवशी भाची शाळेतून आली ती एक प्रश्न घेऊन. "शंभरच्या पुढं काऊन नाही पाह्यलं?" मी म्हटलं, इतकी मोठी मूळ संख्या कोण शोधतं. ती म्हणाली, "म्हणून ती नसते का?"

मग आम्ही दोघी नीट बसलो. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर दोघांपैकी लहान किती मोठा असू शकतो? दोघेही ३३३ किंवा त्याहून मोठे धरले, तर गुणाकार निदान ३३३ × ३३३, म्हणजे ११०८८९ होईल. तो आपल्या संख्येच्या पुढे जातो. म्हणून लहान अवयव ३३२ च्या आतच हवा. शोध ३३२ पर्यंत करायलाच हवा आणि त्यापुढे करायची गरज नाही. शंभर हा आकडा मी मनाने धरला होता. त्याला काही आधार नव्हता, पाढे तिथवर ओळखीचे होते इतकंच.

किती मोठी चूक होऊ शकली असती हे भाचीनेच दाखवलं. पुढे ११३ ला भागताना ११३ × ९७७ = ११०४०१ आलं आणि आमची बाकी ७८ राहिली. ती म्हणाली, "आपला नंबर अठ्ठ्याहत्तरनं कमी असता तर?" ११०४०१ ला शंभरच्या आतला एकही अवयव नाही, कारण ११३ आणि ९७७ दोन्ही मूळ आहेत. माझ्या पद्धतीने मी त्यालाही "मूळ" लिहून रेघ मारली असती. उत्तर साफ खोटं ठरलं असतं आणि मला ते कधी कळलंही नसतं.

तर १०१ पासून ३३१ पर्यंतच्या बेचाळीस मूळ संख्या बाकी होत्या. आधी त्या शोधून काढायच्या, मग प्रत्येकीने भागायचं, मग ताळा. तिसऱ्या रात्री भाची वहीवरच झोपली, तर तिच्या हाताखालून वही काढून मी १९९ आणि २११ उरकले. २६३ ला बाकी १९, तेव्हा पुन्हा जरा जीव वर-खाली झाला. २९३ ला १८. शेवटचा ३३१: ३३१ × ३३३ = ११०२२३, बाकी २५६. बाहेर मालगाडी जात होती. ती गाडी पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

२ पासून ३३१ पर्यंत सदुसष्ट मूळ संख्या, एकीनेही भाग गेला नाही. ११०४७९ मूळच आहे. म्हणजे मी आधी लिहिलेलं वाक्य खरं होतं. तरी भाचीने ते खोडलं आणि खाली तेच वाक्य पुन्हा लिहिलं. तिचं बरोबर होतं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते आम्हाला माहीत नव्हतं.

आता ४४१९१६ चे सगळे विभाजक सांगता येतात: १, २, ४, ११०४७९, २२०९५८ आणि ती स्वतः. सहाच.

६. अवघड गोष्ट आपल्या बांधीत आणून पाहा.

वर्गसंख्यांचा प्रश्न माझा. भाचीच्या पुस्तकात वर्ग चालू होते आणि मला रोवणी आठवली. समजा धानाची ४४१९१६ रोपं आहेत. ती चौरस बांध्यांत लावायची, म्हणजे एका ओळीत जितकी रोपं तितक्याच ओळी. कमीत कमी किती बांध्या लागतील?

एक पुरत नाही: ६६४ चा वर्ग कमी पडतो, ६६५ चा पुढे जातो. दोन? तीन? इथे आम्ही बरेच दिवस चाचपडलो. शेवटी वाट सापडली ती आठने भागण्यात. कोणतीही वर्गसंख्या आठने भागा: १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४. बाकी ०, १ किंवा ४, चौथी कुठली येतच नाही. आता या तिघांतून कोणतेही तीन आकडे, हवं तर तोच तो पुन्हा घेऊन, बेरीज करा आणि आठ झाले की आठ टाकून द्या. ०, १, २, ३, ४, ५, ६ सगळं मिळतं. ७ मिळत नाही. आणि ११०४७९ ला आठने भागलं की बाकी नेमकी ७. तीन चौरसांत ती बसणारच नाही.

४४१९१६ तिची चौपट. ती तीन वर्गांची बेरीज असती तर? वर्गाला चारने भागलं की बाकी ० किंवा १. तिघांची बेरीज चारने निःशेष भागली जायची तर तिन्ही बाक्या शून्यच हव्यात, म्हणजे तिन्ही बाजू सम हव्यात. मग प्रत्येक बाजू निम्मी करा, आणि ११०४७९ तीन चौरसांत बसली! ते तर आत्ताच अशक्य ठरलं. म्हणून सालेकसाच्या आकड्याला तीन बांध्या पुरत नाहीत, कितीही हुशारीने लावा.

चार पुरतात हे मात्र आधीपासून ठरलेलं आहे. लाग्रांज या गणितज्ञाने १७७० मध्येच सिद्ध केलं की प्रत्येक पूर्ण संख्या चार वर्गांत बसवता येते. पण बसवून पाहायला हवं ना. आम्ही ११०४७९ साठी सगळ्यात मोठी बांधी घेतली, ३३२ ची. उरली २५५ रोपं, तीन बांध्यांसाठी. २५५ ला आठने भागा, बाकी ७. पुन्हा तेच! एक पाऊल मागे, ३३१ ची. उरली ९१८. त्यात ३० ची बांधी, ९००. उरली १८, म्हणजे ३ ची एक आणि ३ चीच दुसरी. सगळ्या बाजू दुप्पट केल्या: ६६२, ६०, ६ आणि ६.

४३८२४४ + ३६०० + ३६ + ३६ = ४४१९१६. ताळा जुळला.

पुढे सुट्टीत भाची गावी गेली तेव्हा हे तिने धुऱ्यावर बसून आपल्या बापाला समजावलं. माझ्या भावाने मध्येच विचारलं, "मोठी बांधी सगळ्यात मोठीच काऊन नाही चालत?" मला वाटतं, या गणितातला खरा प्रश्न तोच होता.

७. मोठं काम करायला मोठं गाव लागत नाही.

हे मी दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या भरवशावर म्हणते. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं. त्यांच्याजवळ विद्यापीठातलं पद नव्हतं. संख्या होत्या, कागद होता, आणि जे सापडलं ते स्वतः छापून लोकांपर्यंत पोचवण्याची जिद्द होती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाने नाव ऐकलं. १९८६ मध्ये ते गेले.

त्यांचा एक खेळ असा. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. जिला असा जनकच नाही ती स्वयंभू, जशा २०, ३१, ४२. अशा संख्यांना देवळालीचंही नाव मिळालेलं आहे. आपली ४४१९१६ स्वयंभू नाही. ४४१८९० च्या अंकांची बेरीज २६, आणि ४४१८९० + २६ = ४४१९१६. जनक एकच. पुढची पिढी ४४१९४१.

८. वाट कुठे पोचते ते चालल्याशिवाय कळत नाही.

कापरेकरांचं ६१७४ पुष्कळांना माहीत असतं. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं आणि तिथेच राहतं. आम्ही पिनचं वर्ष घेतलं, १९७२. त्याला पुऱ्या सात पायऱ्या लागल्या: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

सहा अंकांना मात्र असं एकच घर नाही. दोन संख्या अशा आहेत की तिथे पोचलं की थांबायचं, ५४९९४५ आणि ६३१७६४. आणि सात संख्यांचा एक फेरा आहे, त्यात शिरलं की फिरत राहायचं. भाचीने आधी गोंदियाचा ४४१६०१ घेतला. ६४४११० वजा ०११४४६, ६३२६६४. मग ४३१७६६. मग ६३१७६४, आणि थांबला. तिसऱ्याच पायरीला जिल्ह्याचं ठिकाण घरी पोचलं.

मग आपला. ९६४४११ वजा ११४४६९, ८४९९४२. मग ७५३५४३. मग ४२०८७६. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. सालेकसा फेऱ्यात. आमगावचा ४४१९०२ दुसऱ्याच पायरीला ८६२६३२ पाशी त्याच फेऱ्यात येऊन मिळाला. यातला प्रत्येक आकडा नऊने भागला जातो, म्हणून प्रत्येक पायरीला अंकांची बेरीज करून ताळा घेता येतो. आता तो सांगावा लागत नव्हता.

वही मिटता मिटता मी भाचीला म्हटलं, एक राहिलाच. कापरेकरांच्या देवळालीचा पिन आम्हा खिडकीवाल्यांना यादीत शोधावा लागला: ४२२४०१. पेन तिच्याकडे होतं. ४४२२१० वजा ०१२२४४, ४२९९६६. पुढे ७४९९४३. पुढे ६५२६४४. चौथी वजाबाकी करताना तिचा हात शेवटच्या अंकावर थांबला. तिने वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तू कर."

६६५४४२ वजा २४४५६६.

४२०८७६.